कोकणात गिधाडं परत आणायची तर आधी काय, नंतर काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: राजापूर-देवगड पट्ट्यातल्या एका मंडळाला आपल्या भागात गिधाडं परत आणायची आहेत. मेलेलं ढोर सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) टाकलं की तासाभरात शे-दीडशे गिधाडं उतरायची, असं जुनी माणसं सांगतात. गेल्या पंचवीसेक वर्षांत एकही दिसलेलं नाही. सड्यावर जागा आहे, गाव तयार आहे, देणगीदार मिळण्यासारखा आहे. प्रजनन केंद्रातून पक्षी आणून सोडता येतील का, पिंजरा केवढा बांधायचा, किती वर्षं लागतील?

सोडता येतील. पण पिंजरा हे या कामातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात शेवटचं अंग आहे. तो सहा महिन्यांत उभा राहतो. त्याआधीची तीन-चार वर्षं औषधाच्या दुकानांत, गोठ्यांत आणि दूध संकलन केंद्रांवर घालवावी लागतात. त्या कामाचे फोटो छापून येत नाहीत, म्हणून बहुतेकांना ते टाळून पुढे जायचं असतं.

गिधाडं का गेली यावर आता वाद उरलेला नाही. गुरांना ताप, सूज, लंगडणं यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे कारण २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून सिद्ध झालं. सुई दिल्यावर दोन-चार दिवसांत जनावर मेलं तर औषधाचा अंश मढ्यात राहतो, यकृत आणि मूत्रपिंडात जास्त. ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, रक्तात युरिक आम्ल साठतं, आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर बसतो आणि पक्षी थोड्याच दिवसांत मरतो. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली, लांब चोचीची सुमारे ९७ टक्क्यांनी. एवढा संहार व्हायला किती मढी विषारी असावी लागतात, याचं गणित संशोधकांनी मांडलं, तेव्हा उत्तर आलं हजारात एक ते आठ. एका मढ्यावर मोठा थवा जेवतो आणि प्रत्येक गिधाड वर्षभरात कितीतरी मढ्यांवर बसतं, म्हणून इतकं थोडं प्रमाणही पुरतं. ‘आमच्याकडे आता ते औषध जवळजवळ कुणी वापरत नाही’ या वाक्यातला ‘जवळजवळ’ म्हणूनच महाग पडतो.

कायदा बऱ्यापैकी आपल्या बाजूने आहे. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या शिश्या गोठ्यात जाऊ लागल्या, तेव्हा २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही ३ मिलीच्या एकमात्रेच्या शिशीपुरतं आणलं गेलं. २०२३ मध्ये जनावरांसाठीचं अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन बंद झालं आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड. अॅसिक्लोफेनॅक तर गुरांच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनतं. फ्लुनिक्सिन मात्र दुकानात मिळतं आणि त्यावरही संशय आहे. सुरक्षित ठरलेली दोन नावं प्रत्येक गोठ्यापर्यंत पोचवायची: मेलोक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक अॅसिड.

कोकणाचा भूगोल इथे आडवा येतो. सोडण्याच्या जागेभोवती १०० किलोमीटर त्रिज्येचा गिधाड-सुरक्षित पट्टा, म्हणजे घातक औषधं वापरात नसलेला भाग, करायचा, हा भारतात मानलेला मापदंड आहे. असं वर्तुळ साधारण ३१,००० चौरस किलोमीटरचं होतं. राजापूर मध्यबिंदू धरून ते नकाशावर काढून पाहा. त्याचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग समुद्रात जातो. पाण्यावर गरम हवेचे झोत उठत नाहीत, त्यामुळे तिकडे गिधाड जाणार नाही. ते सह्याद्रीच्या कड्याला लागून उत्तर-दक्षिण फिरेल, किंवा घाट चढून पूर्वेला जाईल. राजापूरपासून कोल्हापूर सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटर आहे, गिधाडाला सकाळभराचं अंतर. म्हणजे तुमचे पक्षी शाहूवाडी, राधानगरी, शिराळा, पाटण इथल्या मढ्यांवर जेवणार. तिथे संकरित दुभती जनावरं जास्त, दूध संघांचं जाळं दाट, स्तनदाह आणि तापावर सुया जास्त. कोकणातल्या वाडीवरची गावठी गाय आजारी पडली तर अनेकदा तिला सुई मिळतच नाही. धोक्याचं केंद्र तुमच्या गावात नसून घाटमाथ्यावर आहे, त्यामुळे तिथल्या एखाद्या संस्थेला पहिल्या दिवसापासून बरोबर घेतल्याशिवाय हा प्रकल्प अर्धाच राहतो. दक्षिणेला गोवा आणि बेळगावही आवाक्यात येतात, पण सुरुवात कोल्हापूरपासून करा.

पाहणीची रीत अशी ठेवा. पट्ट्यातल्या सगळ्या औषध दुकानांची यादी करा: माणसांची, जनावरांची, शेतीमालाच्या दुकानात कोपऱ्यात ठेवलेलीही. दुकानदाराच्या ओळखीचा नसलेला शेतकरी पाठवा. त्याने चिठ्ठी न देता एवढंच म्हणायचं: गाय लंगडते, अंगात ताप आहे, सुई द्या. औषधाचं नाव आपण घ्यायचं नाही. जे दिलं ते विकत घ्यायचं, मूळ औषधाचं नाव, किती मिली, बॅच क्रमांक, तारीख नोंदवायची आणि शिशी जपून ठेवायची. डायक्लोफेनॅकच्या ३ मिलीच्या पाच-सात शिश्या एकदम दिल्या, तर त्या कशासाठी दिल्या हे उघड आहे. दुकानाचं नाव चव्हाट्यावर मांडू नका. एकदा बदनामी झाली की पुढच्या फेरीला कुणी खरं दाखवत नाही. नोंद अन्न व औषध प्रशासनाकडे द्या आणि सहा महिन्यांनी तीच दुकानं पुन्हा तपासा. एका फेरीने काही सिद्ध होत नाही; लागोपाठ फेऱ्यांत प्रमाण उतरताना दिसलं पाहिजे. दुकानांइतकेच महत्त्वाचे आहेत मोटारसायकलवरून फिरणारे खासगी सेवादाते. त्यांच्या पिशवीत काय आहे ते दुकानातून कळत नाही, गोठ्यात चहा पिताना कळतं.

दुसरी तपासणी मढ्यांची. मेलेल्या गुराच्या यकृताचा तुकडा घ्यायचा, स्वच्छ डबीत, वर तारीख, गाव, जनावराचं वय आणि शेवटचा उपचार लिहून, आणि गोठवून प्रयोगशाळेत पाठवायचा. किती नमुने? इथे भलेभले घसरतात. तीस नमुने घेतले, एकातही काही मिळालं नाही, आणि ‘आमचा पट्टा सुरक्षित’ म्हणून फलक लागतो. संख्याशास्त्राचा साधा नियम असा की ‘क्ष’ नमुन्यांत शून्य सापडलं तर खरं प्रमाण ३ भागिले ‘क्ष’ इतकं असू शकतं. तीस नमुन्यांत शून्य म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत दूषित मढी असण्याची शक्यता उरतेच. एक टक्क्याखाली यायला ३०० स्वच्छ नमुने हवेत, आणि गिधाडांचा नायनाट तर एक टक्क्याच्या आतच होतो. ३०० मढी एका तालुक्यातून वर्षभरात हाती लागणं अवघड आहे. म्हणून चार-पाच तालुके, दोन-तीन वर्षं आणि घाटमाथ्याचे नमुने धरूनच हिशोब मांडा. ३०० ही खालची पायरी समजा.

मेलोक्सिकॅमबद्दल गोठ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘त्याने गुण येत नाही.’ बऱ्याचदा कारण मात्रेत असतं. गुरांसाठीची शिफारस साधारणपणे किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आहे. कोकण कपिला जातीची २०० ते २२० किलोची गाय धरली तर १०० ते ११० मिलिग्रॅम लागतं. औषध मिलीला ५ मिलिग्रॅमचं असेल तर २० ते २२ मिली. प्रत्यक्षात १० मिली देऊन सुई गुंडाळून ठेवली जाते. अर्ध्या मात्रेने गाय उठत नाही आणि माणूस पुन्हा जुन्या औषधाकडे वळतो. किती द्यायचं हे पशुवैद्यकानेच ठरवायचं, पण हा हिशोब तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बसून एकदा मांडून घेतला आणि पशुधन पर्यवेक्षकांपर्यंत पोचवला, तर शाळेतल्या दहा चित्रकला स्पर्धांपेक्षा जास्त काम होतं. शाळांचे कार्यक्रम करायचे तर करा. त्याने गिधाड वाचत नाही, वर्गणी मिळते.

आता पक्ष्यांचं. किनारपट्टीसाठी पांढऱ्या पाठीचं गिधाडच धरा. ते उंच झाडांवर वसाहतीने घरटी करतं: आंबा, बेहडा, प्रसंगी नारळही. लांब चोचीचं कड्यांवर राहतं, त्याची जागा सह्याद्रीच्या धारेला.

शिवाय कोकण पूर्ण रिकामं झालेलं नाही, हे विसरू नका. रायगडात म्हसळा-श्रीवर्धन भागात पांढऱ्या पाठीची गिधाडं टिकून राहिली आणि तिथे वर्षानुवर्षं त्यांच्या संरक्षणाचं काम झालं आहे. तुमच्यापासून ती जागा दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. म्हणून पहिला पर्याय कायम हाच तपासायचा: मधल्या पट्ट्यात, म्हणजे दापोली, गुहागर, संगमेश्वर भागात, सुरक्षित अन्न आणि उंच झाडं राखली तर तिथले पक्षी आपणहून सरकतील का? हे स्वस्त आहे, आणि जंगली पक्ष्याला जगण्याची उपजत अक्कल असते, ती पिंजऱ्यात वाढलेल्याला कमवावी लागते. मात्र त्या वसाहतीतून अंडी किंवा पिल्लं उचलून आणायचा विचार मनातही आणू नका. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. एवढ्याशा थव्यातून दोन पिल्लं काढली तरी तो खाली जातो.

पक्षी मिळतील ते प्रजनन केंद्रांतूनच. हरियाणातलं पिंजोर, पश्चिम बंगालमधलं राजाभातखावा, गुवाहाटीजवळचं राणी आणि भोपाळ इथे ही केंद्रं आहेत. पिंजोरजवळ २०२० मध्ये आठ पक्षी मोकळे सोडले गेले. महाराष्ट्रात जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरहून वीस गिधाडं पेंच आणि ताडोब्यात आणली, काही महिने पिंजऱ्यात ठेवली आणि मग माग काढणारा टॅग लावून सोडली. गिधाड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, तेव्हा पकडणं, ठेवणं, टॅग लावणं, सोडणं या प्रत्येकाला परवानगी लागते. मंडळाच्या नावावर हा प्रकल्प होत नाही. कागदावर तो वनविभागाचा, तांत्रिक जबाबदारी अनुभवी संस्थेची, आणि मंडळाकडे जमीन, माणसं, अन्न, रोजची नजर. ही वाटणी पहिल्याच बैठकीत लेखी करून घ्या.

अन्नाचा हिशोब असा. एका पक्ष्याला सरासरी दिवसाला अर्धा किलो मांस धरा. वीस पक्षी म्हणजे महिन्याला ३०० किलो. कोकणातल्या लहान चणीच्या गाय-बैलातून खाण्याजोगं मांस ८० ते १०० किलो निघतं, म्हणजे महिन्याला तीन-चार मढी. कुत्री, कोल्हे, कावळे आणि कुजून जाणं धरून त्याच्या दुप्पट लागतील. पूर्वी ती मिळायची. आता पॉवर टिलर आला, बैल कमी झाले, वाडीजवळ मेलेलं जनावर दुर्गंधीच्या तक्रारीमुळे पुरलं जातं. गावोगावी महिन्याला किती गुरं मरतात आणि त्यांचं पुढे काय होतं याची वही आधी वर्षभर ठेवा. वहीत आठवड्याला एक मढंही दिसत नसेल, तर सोडलेली गिधाडं कायम तुमच्या हातच्या बकऱ्यांवर जगतील, आणि त्याला पुनर्स्थापना म्हणत नाहीत.

मढं उचलण्यासाठी एक पिकअप, दोन माणसं आणि एकच फोन नंबर पुरतो. नियम मात्र कडक हवेत. शेवटच्या १५ दिवसांत कोणतीही सुई किंवा गोळी दिली असेल तर ते जनावर पुरायचं. औषधाचा अंश त्याआधीच निघून जातो, पण मालकाच्या आठवणीवर विसंबायचं असल्याने वाढीव अंतर बरं. नाकातोंडातून न गोठलेलं काळपट रक्त येत असेल आणि अंग ताठलं नसेल, तर फाशी रोगाचा संशय घ्यायचा: चिरायचं नाही, हलवायचं नाही, पशुवैद्यकाला बोलवायचं आणि चुना टाकून खोल पुरायचं. पिसाळलेलं, विषबाधेचं, अचानक कारणाविना मेलेलं जनावरही नको. बिबट्या किंवा भटकी कुत्री मारायला मढ्यावर दाणेदार कीटकनाशक पसरायची वाईट खोड काही ठिकाणी आहे. एका मढ्यात अख्खा थवा संपतो, तेव्हा जिथे बिबट्याने वासरू नेलं तिथे त्याच दिवशी जाऊन नुकसानभरपाईचा अर्ज भरून द्यायला माणूस ठेवा. हे काम गिधाडांचं वाटत नाही, पण आहे.

खाद्याची जागा कातळसड्यावर उत्तम. गिधाडाला उतरण्यापूर्वी चारी बाजूंनी दिसावं लागतं आणि पोट भरल्यावर उडायला मोकळी धाव लागते. झाडांच्या गचपणात ते उतरत नाही. वस्तीपासून दीड-दोन किलोमीटर, पाणवठ्याच्या उताराच्या उलट बाजूला, साधारण एक एकर, भोवती कुत्र्यांना अडवणारं सहा फुटी कुंपण. जांभ्यावर खांब रोवायला ब्रेकर लागतो, त्यापेक्षा चिऱ्याचा गडगा (कुंपणाची बुटकी भिंत) घालून त्यावर तीन फूट जाळी चढवणं सोपं. सड्यावर पावसाळ्यात जी फुलं येतात, त्यांच्या डबक्यांचे कोपरे सोडून जागा आखा. रायगडातल्या फणसाड अभयारण्यात गिधाडांसाठी उपाहारगृहाचा, म्हणजे ठरावीक जागी मढी ठेवण्याचा, प्रयोग झाला आहे. जाऊन बघण्यासारखा आहे.

जागेपासून पाच किलोमीटरमधले सगळे ११ केव्हीचे विजेचे खांब मोजा. गिधाडाच्या पंखांचा पसारा सहा-सात फुटांचा, त्यामुळे खांबावर बसून पंख पसरले की दोन तारा किंवा तार आणि लोखंडी आडवी पट्टी एकदम टेकते. उघड्या सड्यावर बसायला उंच काही नसतं, म्हणून खांब हीच आवडती बैठक होते. खांबाच्या दोन्ही बाजूंना तारेवर इन्सुलेटेड आवरण घालून घ्यायचं काम महावितरणकडून पक्षी येण्याआधी पुरं व्हायला हवं. ‘करतो’ म्हणाले यावर विसंबून पक्षी मागवू नका.

पिंजऱ्याचं माप: पिंजोरला वसाहतीसाठीचा पिंजरा १०० फूट लांब, ४० फूट रुंद, २० फूट उंच आहे. आठ-दहा पक्ष्यांना काही महिने ठेवायला त्याहून लहान चालेल, पण लांबी ६० फुटांखाली नेऊ नका. सरळ उडून वळता आलं नाही तर पंखांचे स्नायू तयार होत नाहीत. बाजूंना आतून उभ्या बांबूच्या पट्ट्या लावा, म्हणजे घाबरून धडकलेल्या पक्ष्याची पिसं जाळीत अडकून मोडत नाहीत. सिंधुदुर्गातला माणगा बांबू यासाठी फार चांगला, भरीव आणि बिनकाटेरी. छताला बाहेरून वेल्डमेश, आतून नायलॉनचं जाळं. बसायच्या दांड्या तीन ते सहा इंच जाडीच्या, वेगवेगळ्या उंचीवर, आणि सगळ्यांना काथ्याचं सुंभ गुंडाळलेलं. गुळगुळीत दांडीवर महिनोन्‌महिने बसून तळपायाला फोड येतात, ते चिघळले की तो पक्षी सोडण्याच्या लायकीचा राहत नाही. अर्ध्या दांड्यांवर पक्कं छप्पर. पाण्याचं उथळ टाकं, सहा-आठ इंच खोल. गिधाडांना आंघोळीची फार हौस असते.

किनाऱ्याजवळ खारा वारा लोखंड खातो. साध्या बांधणीच्या तारेला पहिल्या पावसातच गंज धरतो आणि छताचा कोपरा नेमका वादळात सुटतो. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड पाइप, स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट आणि दर ऑक्टोबरला एकेक सांधा तपासणं, एवढं केलं की पुरे. कॅमेरे लावा आणि माणसांचं येणं-जाणं बंद करा. अन्न आत ढकलायला भिंतीत घसरगुंडीसारखी वाट ठेवा, म्हणजे पक्षी माणसाचा संबंध अन्नाशी जोडत नाहीत. पाहुणे, पुढारी, देणगीदार यांना पडद्यावर दाखवा. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचं अन्न म्हणजे बकरी. बाजारातून जिवंत आणून सात ते दहा दिवस आपल्याकडे चारून मगच कापायची. बकऱ्याला आधी कुणी काय टोचलं होतं हे खाटिकालाही माहीत नसतं.

प्रवासाआधी चोवीस तास पक्ष्याला खायला घालू नका. घाबरलं की गिधाड ओकतं आणि बंद खोक्यात ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. प्रत्येकाला वेगळं खोकं, आत अंधार, भरपूर हवा, रात्रीचा प्रवास.

हंगाम कोणता, यावर मतं वेगळी आहेत. विदर्भात पावसाळ्यातही पक्षी सोडले गेले. कोकणासाठी माझं मत पक्कं आहे: पक्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाऊस पूर्ण ओसरल्यावर आणा, तीन-साडेतीन महिने पिंजऱ्यात ठेवा आणि फेब्रुवारीत सोडा. तेव्हा सडा सकाळी दहापर्यंत तापतो आणि हवेचे झोत चांगले उठतात, आकाश स्वच्छ असतं, टॅगची बॅटरी भरते. पुढचे चार महिने पक्ष्याला उडायला, मढं शोधायला, जागा ओळखायला मिळतात. जूनपासून सगळं उलटतं. ढग खाली येतात, पंख भिजतात, झोत उठत नाहीत, मढं दोन दिवसांत अळ्यांनी संपतं. पहिल्या पावसाळ्यात नवख्या पक्ष्यांना स्वतःचं पोट भरणं जमणार नाही असंच गृहीत धरा. जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा, थोडं थोडं, पिंजऱ्याजवळच अन्न ठेवा.

सोडायचं म्हणजे दार उघडायचं, एवढंच. पक्ष्याला हाकलायचं नाही, हातात धरून हवेत फेकायचं तर मुळीच नाही. त्या फोटोपायी पक्षी जायबंदी होतात. दाराची दोरी पन्नास-साठ मीटरवरच्या आडोशातून ओढा, बाहेर समोर मढं ठेवा आणि माणसं हलवा. काही पक्षी तासात निघतील, काही दोन दिवस दारात बसतील. दोन-तीन पक्षी मुद्दाम दुसऱ्या कप्प्यात मागे ठेवा. गिधाड थव्याचा प्राणी आहे, आतल्यांना बघून बाहेर गेलेले परततात. हाताने भरवून वाढवलेला पक्षी सोडू नये.

टॅग सौरऊर्जेवरचा, मोबाइल नेटवर्कमधून माहिती पाठवणारा असतो. हार्नेससकट (अंगाला बांधायच्या पट्ट्यासकट) वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत हवं: साडेचार किलोच्या पक्ष्याला १३५ ग्रॅम ही कमाल मर्यादा, प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी घ्या. सोडण्याच्या दोन आठवडे आधी लावा, म्हणजे पट्टा काचतो का, पंखाखाली घासतो का हे पिंजऱ्यातच कळतं. पावसाळ्यात ढगांमुळे बॅटरी उतरते, म्हणून मेअखेर नोंदींचा वेग कमी करून ठेवा. दिवसाला चार ठिकाणं कळली तरी पुरे. घाटातल्या दऱ्यांत रेंज नसते. टॅग गप्प झाला की पक्षी मेला असं नव्हे, पण टॅग बोलत असून चोवीस तास एकाच बिंदूवर असेल तर त्याच दिवशी माणूस निघाला पाहिजे.

नवखी गिधाडं थकून शेतात, रस्त्यावर, शाळेच्या मैदानात उतरतातच. अशा वेळी कुत्री लांब ठेवायची, डोक्यावर कापड टाकायचं, मान डोक्यामागे धरायची, हवेशीर खोक्यात ठेवायचं आणि वनविभागाला कळवायचं. तोंडात पाणी ओतू नका. जखमी असेल तर जवळच्या डॉक्टरला आधीच बजावा की डायक्लोफेनॅक चालणार नाही. वाचवायला नेलेल्या गिधाडाला तेच टोचलं जाण्याची भीती खरी आहे.

मेलेला प्रत्येक पक्षी शवविच्छेदनाला गेलाच पाहिजे. मूत्रपिंड, यकृत, हृदयाच्या आवरणावर पांढरा खडूसारखा थर दिसला तर आधी औषधाचा संशय घ्या. मूत्रपिंड आणि यकृताचे तुकडे लगेच गोठवून तपासणीला पाठवा. थर नसेल आणि पायावर किंवा पंखावर भाजल्याची खूण असेल तर वीज. दोन्ही नसेल, पोटात अन्न आणि तोंडाला फेस असेल तर विष. कारण कळल्याशिवाय पुढची तुकडी सोडायची नाही, आणि पांढऱ्या थराचे दोन पक्षी मिळाले तर सोडणं थांबवून पुन्हा औषध पाहणीवर यायचं. हा नियम करारात लिहून ठेवा, कारण त्या वेळी पुढची तुकडी पिंजऱ्यात असते, पैसे खर्चून झालेले असतात आणि थांबावं असं कुणालाच वाटत नाही.

घरट्यांची झाडं आजच राखायला घ्या. कोकणात जंगल बहुतांशी खासगी मालकीचं आहे आणि ठेकेदार एकगठ्ठा तोड करतो, त्यात पन्नास-साठ फुटी बेहडा पहिला जातो. देवरहाट्या (देवराया) शाबूत आहेत तिथे मानकऱ्यांशी बोलून उंच झाडांची यादी करा. मालकीच्या झाडावर घरटं झालं तर त्या मालकाला दरवर्षी ठरावीक मोबदला द्या, कारण शीट पडून नारळ-आंब्याचं उत्पन्न खरोखर बुडतं. वसाहत एकाच राईत एकवटू देऊ नका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन भागातली झाडं कशी आडवी केली ते सगळ्यांनी पाहिलं, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. अंडी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पिल्लं उडतात ती उन्हाळ्यात. म्हणजे मे-जूनचं वादळ नेमकं नुकत्याच उडालेल्या पिल्लांवर येतं.

वर्षांचा हिशोब: औषध आणि अन्नाच्या पाहणीला तीन-चार वर्षं. मग दर वर्षी आठ-दहा पक्षी, निदान तीन-चार तुकड्या. गिधाड पाचव्या वर्षाच्या सुमारास वीण करतं, आणि लहान वयाचे पक्षी सोडले तर पहिलं घरटं दिसायला सोडल्यापासून तीन-चार वर्षं जातात. एका अंड्याच्या पक्ष्याचा थवा प्रौढ पक्षी टिकले तरच वाढतो. प्रौढांचं मरणाचं प्रमाण थोडं वाढलं तरी संख्या घसरू लागते. म्हणून देणगीदाराला पंधरा वर्षांचं सांगा. पिंजऱ्याच्या बांधकामाला पैसे देणारे मिळतात. दोन स्थानिक राखणदारांचा पंधरा वर्षांचा पगार, पिकअपचं डिझेल आणि प्रयोगशाळेची बिलं भरणारा शोधा. तो मिळेपर्यंत दुकानांची यादी आणि मेलेल्या गुरांची वही सुरू करायला अडचण नाही. दोन्हीला परवानगी लागत नाही, आणि कोणतंही केंद्र पक्षी देण्याआधी त्याच दोन गोष्टी मागेल.